शुभेच्छुक

"वारलेत का हे?" असं दामिनीने विचारलं आणि मी गप्प बसलो. झालं ते एवढंच. हो म्हणालो नाही, मान हलवली नाही, डोळ्यांत पाणी वगैरे तर मुळीच आणलं नाही. माउसवर हात होता तो तसाच राहिला. समोर मॉनिटरवर माझे आप्पा, चुडामण आप्पा, एकतीस वर्षं मार्केट यार्डात मिरचीच्या लिलावाचा पुकारा करणारे, एकटे उभे होते. खाली वाळत घातलेल्या मिरचीची पथारी, नजर जाईल तिथपर्यंत लाल, वर बोटभर आकाश, मध्ये पांढऱ्या टोपीतले आप्पा, उजवा हात वर. कोपऱ्यात अल्बमचं नाव, 'ठसका'. मागे मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स खेचत होतं, खर्रर्र, थांब, खर्रर्र. तीन-चार सेकंद गेली असतील. मग भावेशने डोक्यावरची कॅप काढून मांडीवर ठेवली आणि दामिनी अगदी हळू म्हणाली, "सॉरी दादा." मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. तेरा वर्षं या हाट दरवाजाच्या दुकानात बसून मी फ्लेक्ससाठी माणसांचे चेहरे कापतोय. माझ्या कामासमोर अशी शांतता कधी पडली नव्हती.

ही दोघं ब्राह्मणपुरीची, चुलत बहीण-भाऊ, घरची केळी आणि ऊस. भावेश पुण्यातली नोकरी सोडून गिटार घेऊन परत आला, ही तिकडे गाणं शिकून आली, आणि दोघांनी मिळून 'पथारी' नावाचा बँड काढला. अहिराणी गाणी, पण डीजेवर वाजतात तसली नव्हेत. ही डोळे मिटून ऐकायची गाणी. माझी त्यांची ओळख इन्स्टाग्रामवरची. एकदा मी त्यांच्या गाण्याला नुसतंच एक चित्र करून पाठवलं होतं, फुकटात, हौसेने. तेव्हापासून मी 'दादा'. मागच्या पावसाळ्यात भावेशने विचारलं, जुन्या बाजाराचा एखादा आवाज मिळेल का, आणि मी माझ्या फोनमधली दोन मिनिटं चाळीस सेकंदं त्याला पाठवून दिली. कुणाचा आवाज ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आवाज ऐकून भावेशचा फोन आला होता, "दादा, हाई सोनं शे, कोन शे हाऊ मानूस?" मी म्हणालो, यार्डातला एक म्हातारा आहे. आज त्यांच्यासमोर फोटो उघडला तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, हा तोच माणूस, माझे वडील. त्यावर दामिनीचा तो प्रश्न आला.

बरं, तिचा प्रश्न चुकीचा होता का? मुळीच नाही. चूक माझ्या हाताची होती. आमच्या धंद्याचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण तळोद्यापासून नवापूरपर्यंत कुठल्याही चौकात मान वर करून बघा. जिवंत माणूस फ्लेक्सवर कधीच एकटा नसतो. वाढदिवस असो, निवड असो, कुठल्या सोसायटीवर बिनविरोध जाणं असो, मोठ्या फोटोखाली बारक्या चेहऱ्यांची रांग लागतेच. शुभेच्छुक. भाचे, मित्रमंडळ, समस्त अमुक परिवार, गॉगलवाले, फोन कानाला लावलेले, वीस-वीस पंचवीस-पंचवीस मुंडकी. एखादं राहून गेलं तर माणसं दुकानात येऊन भांडतात. आणि माणूस गेला की रांग निघून जाते. तो एकटा उभा राहतो, मागे जरा ढग, पायाशी फुलं, वर दोन शब्द. चेहरा मात्र बहुतेक वेळा तोच असतो, वाढदिवसाला कापलेला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या तालुक्याचे चेहरे कापून ठेवलेले आहेत, आडनावाप्रमाणे फोल्डर. फोन येतो, आवाज बारीक असतो, आणि मी विचारतो, "तोच फोटो ना, टोपीवाला?" दहा मिनिटांत रांग पुसतो आणि ढग टाकतो. इतकी वर्षं हे केल्यावर हाताला वळण पडतं. दामिनीने एकटा माणूस बघितला आणि ती इथलीच पोरगी आहे, तिला कळलं ते बरोबरच कळलं.

पण हे सगळं अर्धं खरं आहे. नुसतं वळण असतं तर मी हसून म्हणालो असतो, अगं नाही, घरी आहेत, खिचडी खातायत. मी गप्प बसलो तो दुसऱ्याच गोष्टीने. ही फाइल मी अल्बमसाठी केलेली नव्हती. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आप्पांचा घसा कापायला सुरतेला नेलं. मिरचीची धूळ, तंबाखू, डॉक्टरांनी काय ते सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार, श्वास गळ्याच्या भोकातून. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. त्या दिवशी मी कामं उरकायला एक दिवस नंदुरबारला आलो होतो. दुपारी रनाळ्याहून भटू काकांचा फोन आला. आप्पांचा सख्खा भाऊ, माणूस वाईट नाही, व्यवहारी. म्हणाले, "भाग्येश, मन घट्ट कर. फ्लेक्स तयार ठेव भो, टाइमवर पयापय नको." लोक मला हेच सांगतात, काकांनी मला माझ्या बापाविषयी सांगितलं, एवढाच फरक. मी फोन ठेवला, खुर्चीत बसलो, फोल्डर उघडलं. आप्पांच्या शेवटच्या लिलावाच्या दिवशी मीच काढलेला फोटो, हात वर केलेला. कापला. कडा इतक्या निगुतीने कापल्या की टोपीचा एकेक दोरा राखला. मागे ढग टाकवेना, म्हणून पथारी टाकली. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, दुसऱ्या तारखेची जागा रिकामी ठेवली. काम करताना मला रडू आलं नाही. उलट, काय सांगू, मी रंगात हरवलो होतो. तो लाल किती दाबायचा, आकाश किती ठेवायचं. पाऊण तास मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करत होतो आणि माझा बाप सुरतेत नळ्यांमध्ये होता. पाचव्या दिवशी आप्पा उठून बसले. फाइल राहिली. भावेशने कव्हर मागितलं तेव्हा मी पंधरा दिवस दुसरं काहीतरी करून बघितलं, हात, सुपं, तराजू. सगळं खोटं वाटलं. शेवटी ती फाइल उघडली, अक्षरं पुसली आणि नव्या नावाने ठेवून दिली.

तर दुकानात बैठक पुढे सरकली. माझ्या गप्प बसण्यावर त्यांनी घर बांधायला घेतलं आणि मी विटा देत गेलो. उद्या सकाळी गावाबाहेरच्या पथारीवर व्हिडिओचं शूटिंग होतं, परवानगी काढलेली, ड्रोनवाला शहाद्याहून येणार होता. आधी ठरलं होतं की दामिनी मिरच्यांमधल्या वाटेने चालत जाईल आणि वरून दिसेल. आता भावेश उठून फेऱ्या मारायला लागला. "चालनं नको. खुर्ची ठेवूत. एक रिकामी खुर्ची, लालभडक पथारीना मध्ये, आनी आवाज आप्पाना." दामिनी म्हणाली, "आणि खुर्चीवर त्यांची टोपी." दोघांचे डोळे चमकले. मग ती माझ्याकडे वळली, आवाज खाली आणून. "दादा, टोपी आहे का घरी? जपून ठेवली असेल ना?" मी म्हणालो, "आहे." हे मात्र मी तोंडाने बोललो. आणि खोटंही नव्हतं, टोपी घरी होती, आप्पांच्या डोक्यावर. भावेश म्हणाला की संध्याकाळी पाचला पोस्टर टाकून देऊ, उद्याच्या आधी हवा व्हायला पाहिजे, आणि त्यावर माझं नाव नीट टाकायचं, आर्टवर्क आणि दृश्यकल्पना, भाग्येश पाटील. मी म्हणालो, बरं. नाव मी आधीच टाकून ठेवलं होतं, चांगलं ठसठशीत. फ्लेक्सवर आमचं नाव कुठे असतं माहीत आहे ना? तळाच्या कोपऱ्यात, मोबाइल नंबरासकट, मुंगीएवढं.

ती दोघं गेल्यावर मशीन बंद केलं तरी कानात खर्रर्र चालूच राहिलं. मी स्वतःला समजावलं की यात मोठं काय आहे, संध्याकाळी फोन करून सांगू, गैरसमज झाला म्हणू, हसतील. पण हसले नाहीत तर? आप्पा जिवंत आहेत म्हटलं की ती खुर्ची गेली, टोपी गेली, ती शांतता गेली. मग भावेश नक्की म्हणणार, अरे वा, मग त्यांनाच बसवू खुर्चीवर! आणि त्या धुळीत गळ्याला भोक असलेला माणूस नेऊन बसवायचा? डॉक्टरांनी बजावलं होतं, मिरचीच्या वाऱ्यालासुद्धा उभं करू नका. असा मी विचार करत होतो, बापाच्या काळजीचा. किती सोयीची काळजी! गाडीला किक मारली आणि जेवायला घरी गेलो.

घर यार्डाच्या मागच्या गल्लीत आहे. मोसमात वारा फिरला की घराघरांतून ठसके ऐकू येतात. आप्पांना आता ठसका लागला की आवाज तोंडातून येत नाही, गळ्यातल्या भोकावर बसवलेल्या जाळीतून नुसती फुस्स हवा येते, डोळे लाल होतात आणि हात भिंत शोधतो. म्हणून आईने खिडक्यांना ओले पडदे लावलेत आणि गळ्याला बांधायला मलमलचे चौकोन शिवलेत. ते ओट्याच्या आतल्या खोलीत बसून असतात, पाटी मांडीवर. शाळेतली असते तसली पाटी, दोरी लावून गळ्यात. बोलवायचं असलं की टाळी वाजवतात. एक टाळी म्हणजे आई, दोन म्हणजे मी. ज्या माणसाचा पुकारा यार्डाच्या गेटापासून ऐकू यायचा त्याची ही टाळी मला अजून सहन होत नाही. लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. शाळा यार्डाला लागून होती, वर्गात गणित चाललेलं असायचं आणि खिडकीतून आप्पा यायचे, "बोल भाऊ बोल! ठसका लागना ते पानी पे, पन बोली सोडू नको!" पोरं माझ्याकडे बघून खोकायची, मुद्दाम. मी वहीत मान घालायचो. तोच आवाज मी शेवटच्या दिवशी फोनमध्ये भरून घेतला, तोही बाजूला उभा राहून, चोरून. आप्पांना मी कधी सांगितलंच नाही की तो माझ्याकडे आहे. ऑपरेशननंतर कसं सांगणार? बापाचा गेलेला आवाज त्यालाच ऐकवायचा? आज ऐकवू, उद्या ऐकवू, करत वर्ष गेलं आणि आवाज त्यांच्या आधी ब्राह्मणपुरीला पोहोचला.

"जेवी ले," आई म्हणाली. "तोंड कसाले उतरेल शे?" मी म्हटलं, काम. आप्पा माझ्याकडे बघत होते. यार्डात माणसाचा चेहरा बघून त्याची पुढची बोली ओळखायचे, तसंच बघत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, "काय व्हयनं?" मी म्हणालो, "काही नाही आप्पा, मशीन कुरकुर करतंय." त्यांनी ते पुसलं आणि मान हलवली. जेवण झाल्यावर ते आडवे झाले. टोपी खुंटीला. आई मागच्या मोरीत भांडी घासत होती. मी खुंटीपाशी गेलो, टोपी काढली, चौघडी करून पँटच्या खिशात घातली. त्यात खोबरेल तेलाचा वास होता. आप्पा कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले होते, जाळीतून श्वास येत होता, बारीक शिट्टीसारखा, आत, बाहेर. मी तिथे उभा राहून तो मोजत होतो आणि माझ्या मनात आलं, हा बंद पडला तर फाइल तयार आहे. आलं ते आलं. माणूस स्वतःच्या मनाला पहारा देऊ शकत नाही. चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

साडेचारला भावेशचा मेसेज आला. पोस्टर, त्याला जोडलेला गाण्याचा तुकडा, खाली मजकूर, खाली 'ओके दादा?' फोनवर ते आणखी चांगलं दिसत होतं. आप्पांच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या. मजकुराच्या दोन ओळी दिसत होत्या, "ज्या आवाजाशिवाय हा अल्बम झालाच नसता, त्या चुडामण आप्पांच्या…" आणि पुढे तीन टिंबं. बोट लावलं असतं तर उरलेलं उघडलं असतं. मी लावलं नाही. पुढे काय असणार हे कळायला मला बोट लावायची गरज नव्हती आणि उघडलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. माझं नाव मोठं दिसत होतं. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग उठून पाणी प्यायलो, एका गिऱ्हाइकाला फ्लेक्सला दोरीची भोकं पाडून दिली. ते म्हणाले, आमच्या साडूंचा चेहरा दुसऱ्या रांगेत का? मी म्हणालो, पुढच्या वेळी पहिल्या रांगेत घेऊ.

पाच वाजून वीस मिनिटांनी पहिला फोन आला, यार्डातल्या एका अडत्याचा. "भाग्येश, काय आयकी ऱ्हायनू मी? सकाळी व्हयनं का?" मी फोन कट केला. पुन्हा वाजला, दुसरा नंबर. मग हमालांच्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकल्याचं मीच माझ्या फोनवर बघितलं. खाली हात जोडलेले, ओळीने, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, आमचा आप्पा गेला. एकाने विचारलेलं, "दारले कव्हय जानं शे?" आमच्याकडे माणूस गेल्याचं कळलं की विचार करायला कोणी थांबत नाही. हातातलं सुपडं टाकून माणसं दारावर येतात, निरोपाची वाट बघत नाहीत. मी भावेशला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शटर अर्धं ओढलं तसंच टाकलं आणि गाडी काढली. नेमका यार्डापाशी मिरचीच्या ट्रकने रस्ता अडवलेला, मी हॉर्नवर हात दाबून धरला, ओरडलो, शिव्या दिल्या. नाकातोंडात धूळ गेली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तो ट्रकवाला माझ्याकडे बघून हळूच बाजूला झाला. त्यालाही कळलं होतं. त्याने हात जोडले.

गल्लीच्या तोंडाशीच मला फुलीबाईचा गळा ऐकू आला. फुलीबाई पथारीवर मिरचीचे देठ खुडते, तीस वर्षं खुडतेय, बोटं कायमची भाजल्यासारखी. आप्पांनी एकदा तिची मजुरी भांडून मिळवून दिली होती, तेव्हापासून राखीला यायची. "मन्हा भाऊ वं माय!" तिने सूर लावला होता. दारापुढे पंधरा-वीस माणसं, खांद्यावरचे गमछे डोक्यावर घेतलेले, चपला बाहेर काढलेल्या. पुढे जान्या हमाल, आप्पांच्या वयाचा, पाठ वाकलेली. आणि आई दारात, ओले हात पदराला पुसत. "काय व्हयनं? कोन गया? तुम्ही लोके कसाले ई ऱ्हायनात?" ती विचारत होती, आणि कोणी तिला उत्तर देत नव्हतं, कारण तिला अजून कळलेलं नाही असंच सगळ्यांना वाटलं. एक बाई पुढे होऊन तिला धरायला लागली. मी गाडी तशीच आडवी टाकली. तेवढ्यात आतून टाळी ऐकू आली. एक. मग दोन. मग एकामागून एक, रागाने वाजवल्यासारख्या. आणि आप्पा दारात आले.

बोडक्या डोक्याने आले. टोपी त्यांना सापडली नव्हती. गळ्याला मलमल, पाटी छातीवर, एक हात चौकटीला. फुलीबाईचा सूर मध्येच तुटला. जान्याने डोक्यावरचा गमछा हळूहळू खाली ओढला, "आप्पा," तो म्हणाला, "तू शे?" आणि तो वाकलेला म्हातारा ओट्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. आप्पांनी सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे, मग जान्यापुढे हात केला. जान्याला कळलं, त्याने फोन दिला. आप्पांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. मी दहा फुटांवर उभा होतो. मला पळून जायचं होतं, खरंच, पाय तयार होते. ते पोस्टरकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मजकूर त्यांनी पूर्ण उघडला असणार, त्यांचं बोट हललं. आणि बोट कुठेतरी लागून गाणं सुरू झालं. आधी गिटार, एकटी तार, आणि मग गल्लीत आप्पांचा आवाज आला. "बोल भाऊ बोल! ठसका लागना ते पानी पे…" घरात वर्षभर जो आवाज नव्हता तो. आईने तोंडावर हात घेतला. आप्पा हलले नाहीत. पण त्यांचे ओठ हलायला लागले, आवाजाच्या अगदी बरोबरीने, एक अक्षर मागेपुढे नाही, आणि उजवा हात आपोआप वर गेला, पोस्टरमधल्यासारखा. भावेश आणि मी जे उद्या खुर्ची मांडून, ड्रोन लावून करू बघत होतो ते सगळं समोर घडत होतं. कुणीही फोन काढला नाही. मीसुद्धा नाही, एवढं तरी माझ्याकडून झालं.

गाणं संपलं. गळ्याच्या जाळीतून भराभर हवा जात-येत होती. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन टाळ्या वाजवल्या. मी पुढे गेलो. खिशातून टोपी काढून त्यांच्यापुढे धरली, सगळ्यांच्या देखत. त्यांनी ती घेतली, झटकली, उलगडली, डोक्यावर नीट बसवली. मग पेन्सिल घेतली. पाटीवर लिहिलं, "कव्हय करं?"

चित्र केव्हा केलं, एवढंच. आता इथे सुटायला वाट होती. गेल्या महिन्यात, अल्बमसाठी, पोरांचा गैरसमज झाला. सगळे समजून घ्यायला तयार होते, आईसुद्धा. पण आप्पा यार्डातल्या नजरेने बघत होते. मी म्हणालो, "तुम्ही सुरतले व्हतात तव्हय." "न्यूमोनिया व्हयना त्या दिवशी. दुकानात बसून केला. तारीख फक्त टाकायची ठेवली होती. मग तोच कव्हरला वापरला, आणि दुपारी पोरीने विचारलं, वारलेत का, तर मी गप्प बसलो." आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहिणार नाही. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला, भावेश. आप्पांनी बोटाने खूण केली, उचल. मी स्पीकर लावला. "दादा! लोके कितलं शेअर करी ऱ्हायनात, तुम्ही देखं का?" मी म्हणालो, "भावेश, आप्पा जिता शेत. मन्हा समोर उभा शेत. चूक माझी आहे, तुमची नाही. ते काढ आधी." मग दामिनीचा आवाज, रडवेला, "काय केलंत हो दादा तुम्ही…" आणि मागून भावेश, "काढस, काढस, आते काढस. पन मंग कव्हरनं काय?"

कव्हरचं काय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं आप्पा पाटी माझ्या तोंडावर मारतील, मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी जान्याचा फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला. पोस्टर अजून तिथेच होतं. मग तळहाताने पाटी पुसली आणि लिहायला लागले, पेन्सिल करकरली. मोठं अक्षर, शाळेतल्यासारखं. पाटी फिरवून माझ्याकडे केली.

"शुभेच्छुक कोठे शेत?"

मग त्यांनी पेन्सिलीनेच दाखवलं. जान्या, पायरीवर, डोळे पुसणारा. फुलीबाई. हमाल, डोक्यावरून उतरवलेले गमछे हातात धरून उभे. दारातली आई. प्रत्येकावर पेन्सिल क्षणभर थांबली, लिलावात ढिगावर बोट थांबायचं तशी. माणसं कुजबुजली, हलली, आणि कोणी न सांगता ओट्याच्या खाली रांगेत उभी राहायला लागली. फुलीबाईने पदर नीट केला. जान्या म्हणाला, "मी पयली लाइनमा." आप्पा वर, ओट्यावर, टोपी सरळ करून. आई आधी हलेना. आप्पांनी एक टाळी वाजवली, तेव्हा ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे न बघता.

मी फोन वर धरला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. चौकटीत सगळी मावली, पथारी नव्हती, आकाश नव्हतं, मागे ओले पडदे आणि विजेचं मीटर. मी एक काढला, दुसरा काढला. तिसऱ्या वेळी आप्पांनी हात आडवा करून थांबवलं. पाटी घेतली, खाली वाकून काहीतरी लिहिलं, आणि जान्याकडे दिली. पाटी रांगेतून हातोहात माझ्यापर्यंत आली. ज्यांना वाचता येत होतं ते वाचत होते आणि पुढे देत होते. माझ्या हातात आली तेव्हा कडेला फुलीबाईच्या बोटांचा लालसर डाग पडला होता.

"तुन्हं नाव कोपऱ्यामा. बारीक."

"हां आप्पा," मी म्हणालो, आणि फोन पुन्हा वर धरला.